बट नसलेली बंदूक

काकांना फोटो पाठवला आणि दोन मिनिटांत व्हिडिओ कॉल आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "हिचा बट कुणी मोडला गं?"

काका मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आता सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी ऊस आणि नातवंडं सांभाळतात. नोकरीची सुरुवातीची वर्षं त्यांनी चार किलोंहून जड एसएलआर रायफल वागवली आणि शेवटची वर्षं इन्सास रायफल. रायफल खांद्याला लागते, पिस्तूल हातात मावतं, हा त्यांचा हिशेब. माझ्या फोटोतली वस्तू या हिशेबात बसत नव्हती. दिसायला थेट रायफल, पण नळी साडेदहा इंचांची आणि मागे बटाच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या दस्त्याच्या, जागी रबराचा पंख्यासारखा तुकडा.

"काका, हे पिस्तूल आहे," मी म्हटलं.

"मग माझी एसेलार काय गुप्ती होती व्हय?"

आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला राहतो. टेक्सासात इतकी वर्षं काढूनही मी बंदुकीला हात लावला नव्हता आणि त्यात माझ्या सज्जनपणापेक्षा व्हिसाचा वाटा मोठा होता. इथे नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी हे आवर्जून सांगते, कारण रविवारी ऑफिसातले मित्र मजेत रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, ओढून नेतात: एच-वन या नोकरीच्या किंवा विद्यार्थी व्हिसावर असताना, शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले, तर बंदूक बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. भाड्याची बंदूक रेंजवर तासभर हातात घेतली तरी तीच भानगड. ग्रीन कार्ड आलं की हा अडसर जातो. आमचं आलं आणि शेजारच्या आजोबांनी, ज्यांच्याकडून मी आजवर फक्त टोमॅटो घेतले होते, आम्हाला त्यांच्या रेंजचं आमंत्रण दिलं.

तर हे 'पिस्तूल' कसं, हे त्यांनी गाडीत समजावलं. 1934 साली इथे संघटित गुन्हेगारीला आळा घालायला एक कायदा आला. मूळ मसुद्यात पिस्तुलंही होती. मग लोक रायफलीची नळी कापून पिस्तूल बनवतील आणि कायद्याला वळसा घालतील, म्हणून आखूड नळीच्या रायफलीही त्यात घातल्या. पुढे विरोध झाला, पिस्तुलं वगळली गेली, आखूड रायफली मात्र तशाच राहून गेल्या. मूळ वाट मोकळी राहिली, वळसा मात्र अडवला! त्यामुळे आजही 16 इंचांपेक्षा कमी नळीची रायफल म्हणजे सरकारदरबारी नोंदणी. 200 डॉलर करही होता, तो 1 जानेवारी 2026 पासून शून्य झाला, नोंदणी राहिलीच. पण त्याच यंत्राला बट लावलाच नाही, तर कायद्याच्या लेखी ते एका हाताने झाडायचं पिस्तूल. मग नळी कितीही आखूड चालते.

आता तो रबरी तुकडा. त्याला ब्रेस म्हणतात. 2012 च्या सुमारास एका अपंग माजी सैनिकाला ही जड वस्तू एका हाताने पेलता यावी म्हणून तो निघाला. कोपराखाली पट्ट्याने बांधायचा. लोकांनी तो सरळ खांद्याला टेकवायला सुरुवात केली. सरकारने 2023 मध्ये नियम काढून अशा बहुतेक पिस्तुलांना रायफल ठरवलं, आणि जून 2024 मध्ये टेक्सासातल्याच केंद्रीय न्यायालयाने तो नियम रद्द केला. आजोबांचा उजवा खांदा शस्त्रक्रियेने निकामी झाल्यासारखा आहे, ते पट्टा खरोखरच बांधतात. रेंजवर असे ते एकटेच होते, हेही सांगायला हवं.

रेंजवर कानात बोळे आणि त्यावर आणखी कर्णकवच. मला वाटलं, म्हाताऱ्याची काळजी. पहिला बार झाला आणि छातीचा पिंजरा हलला. ही 5.56 मिलिमीटरची काडतुसं 20 इंची नळीच्या हिशेबाने घडलेली. साडेदहा इंचांत सगळी दारू जळत नाही, उरलेली बाहेर पेटते. म्हणून तोंडाशी जाळ, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि एवढं करून गोळीचा वेग उलट कमी. धक्का मात्र मला वाटला होता त्याच्या पावही नाही.

आखूडपणाची खरी खोड वेगळीच. लांब बंदूक घेऊन वळताना ती कुठेतरी अडते, तुम्हाला जाणीव राहते. ही पिशवीसारखी हातात फिरते. पहिली मॅगझीन संपल्यावर मी "जमलं!" म्हणत आजोबांकडे वळले आणि नळीही माझ्याबरोबर वळायला निघाली. त्यांनी माझं मनगट जागच्या जागी दाबून धरलं. ओरडले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. बंदूक रिकामी होती, पण रिकामी असली तरी भरलेलीच मानायची, हे मी दहा मिनिटांपूर्वी मान डोलावून ऐकलं होतं. दुसरी गोष्ट डाव्या हाताची. धरायला जागा इतकी कमी की बोटं सरकत तोंडाशी जातात. म्हणून पुढे एक छोटा अडथळा बसवतात. (तिथे उभी मूठ लावली आणि एकूण लांबी 26 इंचांपेक्षा कमी भरली, तर कायदा तिला आणखी तिसऱ्याच नावाने ओळखतो. मी विचारणं सोडलं.)

नेमाचंही तसंच. नेम धरायच्या काचेतला लाल ठिपका नळीच्या अडीचेक इंच वर असतो, त्यामुळे सात यार्डांवर ठिपका जिथे, त्याच्या दोनेक इंच खाली भोक. माझी सगळी भोकं खाली, आणि मी बिचाऱ्या डोळ्यांना दोष देत होते.

उपयोग काय, हे मी विचारलंच. आजोबांच्या भावाची गुरं आहेत. रानडुकरं कुरणं उकरून ठेवतात, आणि ट्रकच्या कॅबमध्ये लांब रायफल आडवी-तिडवी अडकते. तिथे ही सोयीची. घराच्या रक्षणासाठीही लोक घेतात. मला ते पटलं नाही. बंद खोलीत तो आवाज, पलीकडे प्लायवूडछाप भिंत, भिंतीमागे झोपलेली लेक. शिवाय सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू दिली तर टेक्सासातही गुन्हा होतो. आमच्या घरात ती येणार नाही.

निघताना थंड पाण्याने हात धुवायला लावले, शिसं लागतं म्हणून. कुर्त्याच्या गळ्यात गेलेली तापलेली पुंगळी घरी येऊन काढली. तिचा डाग अजून आहे.

हे सगळं ऐकून काका जरा वेळ गप्प होते. मला वाटलं, आता विचारतील, किती गोळ्या लागल्या.

"साफ कुणी केली?"

"आजोबा करतील ना."

"झाडली तू, आन् साफ करणार ते? म्हातारा मानूस, त्यात खांदा गेलेला." फोन काकूंच्या हातात गेला.

पुढच्या शनिवारी मी आजोबांच्या गॅरेजमध्ये स्टुलावर बसून नळीत ब्रश घालत होते. त्यांनी आठवडाभर तिला हात लावला नव्हता.