मीटरला पिवळं, टाकीत काहीच नाही

ऑगस्टमध्ये आमच्या बिल्डिंगमध्ये १५ दिवसांत तिघांना कावीळ झाली. त्यातली एक दुसऱ्या मजल्यावरची ७ वर्षांची मुलगी, रोज संध्याकाळी माझ्या लेकीशी खेळायला यायची ती. आधी सगळे म्हणाले बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल, पण तिघांनी एकत्र कुठे काही खाल्लंच नव्हतं. मग म्हणाले महापालिकेकडूनच पाणी खराब येतंय.

डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती डोक्यात बसली. म्हणे या अ प्रकारच्या काविळीत जंतू पोटात गेल्यावर आजार दिसायला साधारण महिना लागतो, त्यामुळे आजचं पाणी बघून काही कळणार नाही, महिन्यापूर्वी काय झालं होतं ते आठवा. आणि जुलैमध्ये आमच्याकडे शटडाऊन झाला होता, दोन दिवस पाणी नाही, खालची, जमिनीतली टाकी पार तळाला गेलेली. तेव्हा मी फक्त टँकर कधी येतोय याचीच वाट बघत होते.

माझी मावसबहीण शहापूरकडे गावांमध्ये पाणी तपासायचं काम करते, तिने ओटी टेस्टचं किट आणून दिलं. छोटी नळी असते, त्यात पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पिवळं होतं, नसेल तर तसंच राहतं (तपासलेलं पाणी ओतून द्यायचं आणि हात धुवायचे, ते रसायन चांगलं नाही). नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं. सकाळी साडेसहाला पाणी आल्या आल्या मी गेटजवळच्या पाण्याच्या मीटरपाशी तपासलं, छान पिवळं. मग खालच्या टाकीतलं घेतलं, काहीच रंग नाही. गच्चीवरच्या टाकीतही नाही. म्हणजे पाणी आमच्या गेटपर्यंत चांगलं येतंय आणि पुढच्या पन्नास फुटांत असं काहीतरी आहे जे सगळं क्लोरीन खाऊन टाकतंय.

रविवारी खालची टाकी उपसली. मागच्या भिंतीला तिरकी चीर, आणि त्या भिंतीच्या पलीकडे हातभर अंतरावर ड्रेनेजचं चेंबर. प्लंबर दादाने समजावलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. टाकी भरलेली असते तेव्हा पाण्याचा दाब आतून बाहेर, त्यामुळे चिरेतून आपलंच पाणी बाहेर झिरपतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. पण पावसाळ्यात बाहेरची जमीन पाण्याने गच्च असते, आणि त्यात टाकी रिकामी झाली की तेच उलटं होतं, बाहेरचं आत येतं. महापालिकेच्या लाइनचंही तसंच, पाणी बंद असताना पाइपमध्ये दाब नसतो, जिथे पाइप गंजलाय आणि शेजारून गटार जातंय तिथे घाण आत ओढली जाते, आणि वर कुणी लाइनला डायरेक्ट मोटर लावली की अजून जोरात. म्हणून शटडाऊननंतरचं पहिलं पाणी सोडून द्यायचं आणि पुढचे दोन-तीन दिवस तरी उकळूनच प्यायचं, हे आता मी प्रत्येकाला दार वाजवून सांगते.

मीटिंगमध्ये एका काकांनी टीडीएस मीटर बुडवून दाखवला, ९०, बघा किती शुद्ध. काका मनाने फार चांगले आहेत पण त्या मीटरला फक्त विरघळलेले क्षार कळतात, जंतू कळत नाहीत. गटाराचं पाणी थोडंसं मिसळलं तरी आकडा जेमतेम हलेल. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएस ५०० पर्यंत चालतो, पण १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, एकही सापडता कामा नये. तो एकही न सापडणं महत्त्वाचं आहे.

आणि मग बोअरिंगचा विषय. आमचं बोअर फ्लशसाठी आहे, पण मे महिन्यात टँकर परवडत नाही म्हणून एक व्हॉल्व्ह लावून तेच पाणी खालच्या टाकीत सोडतात, वर्षानुवर्षं. सेप्टिक टँक त्या बोअरपासून फार लांब नाही. लोकांना वाटतं जमीन पाणी गाळून घेते. वाळू-मातीतून घेत असेलही, पण आपल्या ठाण्याखाली काळा पाषाण आहे, पाणी राहतं ते खडकाच्या भेगांमध्ये, आणि भेग काही गाळत नाही, सरळ वाहून नेते. त्यात आम्ही गच्चीवरचं पावसाचं पाणी थेट बोअरमध्ये सोडलंय. कबुतरांची विष्ठा पडलेल्या गच्चीवरचं, पहिल्या पावसाचं, फिल्टर नाही की गाळखड्डा नाही. जमिनीत पाणी मुरवायलाच हवं, त्याबद्दल माझं दुमत नाही, पण हे मुरवणं नाही, ही घाण खडकात ढकलणं आहे, आणि ते पाणी फक्त आमचं नाही, शेजारच्या चाळीची हातपंपाची बोअर त्याच खडकात आहे आणि तिथले लोक ते पितात.

बहीण म्हणाली गावात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक असतो, तो रोज क्लोरीन बघतो, पाण्याच्या स्रोताभोवती उकिरडा, गळती असं काही असेल तर गावाला लाल किंवा पिवळं कार्ड मिळतं, नसेल तर हिरवं. मला खूप वाईट वाटलं. आमच्या ३२ फ्लॅटमध्ये टाकीचं झाकण उघडून शेवटचं कुणी कधी बघितलं होतं हेच कुणाला सांगता आलं नाही.

चीर भरून झाली, चेंबर हलवायचं काम चालू आहे, झाकणाची कड जमिनीपासून वर उचलून घेतली. आता रोज सकाळी वॉचमनच्या केबिनबाहेरच्या फळ्यावर मी तीन आकडे लिहिते, मीटर, खालची टाकी, गच्ची. ती ७ वर्षांची मुलगी आता बरी आहे, शाळेत जायच्या आधी नळी धरायला येते. खालच्या टाकीत रंग यायला लागलाय. गच्चीवर काल परत काहीच नव्हतं, या रविवारी ती टाकी उघडतोय, आणि बोअरचा तो व्हॉल्व्ह कापून टाकायचा ठराव पुढच्या मीटिंगला मीच मांडणार आहे.