नात्याच्या रकान्यात मित्र

डायलिसिसला आलेल्या माणसाला आम्ही सगळ्यात आधी वजनकाट्यावर उभं करतो. मागच्या डायलिसिसच्या पाळीपासून अंगात किती पाणी साठलं, ते काटा सांगतो. मग हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशन करून धमनीला जोडलेल्या शिरेवर, बोटं ठेवायची. मांजर गुरगुरताना तिच्या अंगावर हात ठेवावा तशी शीर थरथरली पाहिजे. त्याला आम्ही थ्रिल म्हणतो. थ्रिल असेल तर दोन सुया, चार तास, आणि एका माणसामागे जवळजवळ १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी. पुण्यातल्या एका रुग्णालयात मी टेक्निशियन म्हणून हे काम करते.

तात्या मंगळवार-गुरुवार-शनिवारचे, सकाळच्या पाळीचे. गाव भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या मागच्या अंगाला. मुक्कामाची एसटी पहाटे सुटते, भोरला गाडी बदलायची, मग कापूरहोळ, कात्रज, स्वारगेट. सोबत कायम आबा. भावकी नाही, सोयरीक नाही. बांधाला बांध लागलेला आणि तरुणपणापासूनची सावड: एक बैल याचा, एक त्याचा. फिस्टुलाच्या हातानं ओझं उचलायचं नाही, म्हणून पिशवी आबांच्या खांद्याला. त्या हातानं चिखलात उतरू नका असं मी बजावलं, तेव्हापासून तात्यांच्या खाचरातली भातलावणी आबा आधी उरकतात आणि मग स्वतःची. थ्रिल तपासायला खरं तर मी तात्यांच्या मुलाला शिकवणार होते. तो चाकणला कंपनीत. त्याला रजा मिळाली नाही. शिकले आबा. रोज सकाळी तात्यांच्या ओट्यावर जाऊन मनगटावर बोटं ठेवतात. आमच्याकडच्या नव्या पोरांपेक्षा त्यांचं बोट चांगलं आहे, हे मी त्या पोरांसमोरच सांगते.

गेल्या वर्षी आबांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "ताई, माझी एक किडनी याला बसंल का?" मी त्यांना कायदा समजावला. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं. २०११ च्या दुरुस्तीनं आजी-आजोबा आणि नातवंडं त्यात आली. मित्राला द्यायची असेल तर समितीपुढे उभं राहून पटवायचं, की जिव्हाळ्यापोटी देतोय, पैशापोटी नाही. "मग सगळा गाव आणतो की साक्षीला," आबा म्हणाले. कायदा इतका कडक का, ते मला कळतं. गरिबाच्या किडनीचा बाजार या देशानं पाहिलाय. पण आबांची गाडी समितीपर्यंत गेलीच नाही. त्यांचं बीपीच इतकं निघालं की डॉक्टरांनी तिथल्या तिथे नाही म्हटलं. गोळ्या तेव्हापासून सुरू झाल्या.

यंदा आषाढात, लावणी ऐन भरात असताना, एका गुरुवारी तात्या आले नाहीत. फोन लागेना. त्या भागात पावसात रेंज जाते, हे मला माहीत होतं. तरी दिवसभर जिवाला चैन नव्हतं. शनिवारी सकाळची पाळी संपत आली तेव्हा जीपमधून दोघं उतरले. तात्यांना दोन वाक्यं सलग बोलता येत नव्हती. आबा अनवाणी, पायाच्या बोटांत चिखल्या, चेहरा उतरलेला.

"काय बी करा ताई, पर याला आज तसाच नेऊ देऊ नका."

कोरडं वजन, म्हणजे जादा पाणी नसतानाचं, ५१ किलो; काटा ५६.८ वर थांबला. ईसीजीत टी-वेव्ह तंबूसारख्या उभ्या, रक्तातलं पोटॅशियम ७.२, म्हणजे हृदय कधीही थांबेल इतकं. कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, इन्सुलिन-ग्लुकोज लावलं, पण खरा इलाज मशीनच आणि एकही मशीन रिकामं नव्हतं. दुसऱ्या पाळीचे एक काका सुई टोचून घ्यायला हात पुढे करून बसले होते. ते उठले. "माझं दीडच किलो वाढलंय. मी संध्याकाळी बसतो." त्यांचा नि तात्यांचा परिचय शेजारच्या खुर्चीपुरता.

तेवढ्यात निवासी डॉक्टर हाय रिस्कचा फॉर्म घेऊन आले. नातेवाइकाची सही हवी. मुलाचा फोन बंद, कंपनीत आत नेऊ देत नाहीत. आबा पेन घेऊन उभे. "नातं?" "मित्र." "मित्र चालत नाही." शुद्धीवरच्या सज्ञान माणसाची स्वतःची संमती पुरते. तात्या शुद्धीवर होते. मी ते सांगितलं, जरा चढ्या आवाजात सांगितलं. तात्यांनी सही केली आणि साक्षीदार म्हणून खाली आबांनी. ज्याचं बोट रोज त्या शिरेवर असतं, त्याला फॉर्मवर जागा नाही, हे मला अजून पचत नाही.

सगळं पाणी एकदम ओढता येत नाही, बीपी कोसळतं. पाच तास बसवून साडेतीन लिटर काढलं, बाकीचं रविवारी काढायचं ठरवलं. रविवारी युनिट फक्त तातडीच्या रुग्णांसाठी उघडतं आणि जादा पाळी उपचाराचा खर्च देणाऱ्या योजनेच्या मंजुरीत कशी बसवायची यावर कार्यालयात तासभर खल झाला. शेवटी वरिष्ठ डॉक्टरांनी लेखी दिलं.

तिसऱ्या तासाला तात्यांची धाप खाली बसली. तेव्हा कळलं. गुरुवारी पहाटे एसटीला निघालेले असतानाच आबांची बायको गेली. झोपेतच. दोन्ही मुली सासरी, वाटेत पाऊस, लाकडं ओली, निम्मा गाव खाचरात. तात्या तिथंच थांबले. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारहून भाकरी, डाळ, बटाट्याची भाजी येत होती. आबा कशालाच शिवेनात.

"मी बसलो तर ह्यो दोन घास खाईल, म्हणून बसलो," तात्या म्हणाले. "च्या बी तसाच. माणूस भेटाया आलं की कप यायचा. मी घेतला तरच ह्यो घ्यायचा."

पाणी आणि पोटॅशियम वाढतं म्हणून पथ्यात ज्या ज्या गोष्टींवर मी फुली मारली होती, त्या सगळ्या त्यांनी जाणूनबुजून खाल्ल्या. निवासी डॉक्टरांनी फाईलमध्ये लिहिलं: पथ्य पाळले नाही, पाळी चुकवली. नोंद म्हणून ते बरोबर आहे. तात्यांना रागवायला मीही तोंड उघडलं होतं, पण बाहेर बाकावर आबा बसलेले. त्याच पहाटे राख सावडून, धुतलेल्या ओल्या धोतरानं ते याला घेऊन निघाले होते. "माझ्यापायी याची पाळी बुडाली," एवढंच ते म्हणत होते.

दहावा पुढच्या शनिवारी येत होता, म्हणजे पाळीच्याच दिवशी. तात्या ते विचारणार नाहीत, गुपचूप दांडी मारतील, हे मी ओळखलं. शुक्रवारच्या एका बाईंना शनिवार चालणार होता. तात्यांना शुक्रवारी घेतलं.

त्यानंतरच्या मंगळवारी दोघं आले. तात्यांचं वजन दोनच किलो वाढलेलं. आबांचा चेहरा मला बरा दिसेना, म्हणून बीपी घेतलं: १८० वर १०४. गोळ्या बंद पडल्या होत्या. त्या रोज बायको हातावर ठेवायची. डबा कुठे असतो हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

"आता मी देतो," तात्या खुर्चीतून म्हणाले. "सकाळी हात बघाया येतोच की माझा. तवाच देत जाईन."

आता तात्यांना काट्यावर घेतलं की आबांच्या दंडाला पट्टा बांधते. आबांचा केसपेपर नाही. त्यांचे आकडे मी तात्यांच्या फाईलच्या मागच्या पानावर तारखेनिशी लिहिते, आणि वरिष्ठ डॉक्टर राउंडला आले की ते पान उघडून त्यांच्यासमोर धरते.