आधी गेज, मग पाना : आमची वाटचाल

बंगल्यांच्या लॉनला स्प्रिंकलर बसवणे आणि बिघडलेले स्प्रिंकलर दुरुस्त करणे हा आमचा व्यवसाय 2004 साली नाशिकमध्ये सुरू झाला. त्याआधी मी आणि माझे थोरले मेव्हणे निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांना ठिबक बसवत होतो, त्यामुळे फिल्टर आणि दाब या दोन गोष्टींकडे पाहण्याची सवय आम्हाला शेतातच लागलेली होती. शहरात आल्यावर मात्र असे दिसले, की गंगापूर रोडवरच्या बंगल्यांत परदेशी बनावटीचे पॉप-अप, म्हणजे पाण्याच्या दाबाने जमिनीतून वर येणारे स्प्रिंकलर, हौसेने बसवले जातात आणि त्यांना पाणी दिले जाते ते गच्चीवरच्या टाकीचे. दहा मीटर उंचीला जेमतेम 1 बार दाब मिळतो, दुमजली घराच्या टाकीतून तेवढाही मिळत नाही, आणि स्प्रे पॉप-अपला (हा एका जागी पंख्यासारखा फवारा मारतो) नोझलपाशी साधारण 2 बार व रोटरला (हा फिरत फिरत लांब धार फेकतो) 3 बार लागतात. स्प्रिंकलरचे डोके अर्धवट वर येऊन नुसते गळत राहिले की मालक म्हणत, 'माल खराब निघाला.' माल चांगलाच होता, कमतरता बूस्टर पंपाची होती.

मेव्हण्यांनी तेव्हा स्वतः जुळणी करून घेतलेला ग्लिसरीनचा प्रेशर गेज आजही आमच्या पिशवीत आहे. पितळी टीला (तीन तोंडांच्या जोडाला) गेज, टीच्या एका तोंडाला रायझरचे (डोक्याखालच्या उभ्या नळीचे) आटे आणि दुसऱ्या तोंडाला नोझल, म्हणजे पाणी उडत असतानाच त्या जागेवरचा खरा दाब वाचता येतो. पंपाजवळचा आकडा पाहून समाधान मानणाऱ्या माणसाला लांबच्या कोपऱ्यात किती दाब पडला आहे, हे कधीच कळत नाही. दुसरे साधन म्हणजे मल्टीमीटर. एखादा झोन (एकाच व्हॉल्व्हवर चालणारा डोक्यांचा गट) सुरूच होत नसेल, तर आम्ही जमीन खणत नाही. आधी कंट्रोलरच्या (व्हॉल्व्ह ठरल्या वेळी चालू-बंद करणाऱ्या यंत्राच्या) पट्टीवरून त्या झोनची तार सोडवतो आणि ती तार व कॉमन (सगळ्या झोनची सामाईक तार) यांच्यातला रोध मोजतो. 24 व्होल्टच्या बहुतेक सोलेनॉइडचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या विजेच्या कॉइलचा) रोध 20 ते 60 ओहमच्या दरम्यान येतो; आकडाच आला नाही तर तार किंवा कॉइल तुटलेली आहे, आणि शून्याजवळ आला तर शॉर्ट आहे. पाच मिनिटांच्या या कामासाठी अख्खे लॉन उकरून ठेवलेले आम्ही पाहिले आहे.

2015 च्या पावसाने दगा दिला, त्या हिवाळ्याच्या तोंडावर आमच्या भागातल्या धरणांचे पाणी जायकवाडीसाठी सोडण्यात आले आणि शहरात पाण्याशिवाय दुसरा विषय उरला नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होते, आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे पुढचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. अशा दिवसांत स्वतःच्या दारात हिरवळ भिजवणे लोकांना नकोसे वाटणे स्वाभाविक होते आणि त्याबद्दल आमची कुणाविषयी तक्रार नाही. देखभालीचे करार एकामागून एक रद्द झाले, नवीन काम मिळेना, कामावरच्या दोन मुलांना सुट्टी द्यावी लागली आणि मेव्हण्यांनी घरचे सोने गहाण ठेवून बाकीच्यांचे पगार भागवले.

तक्रार आहे ती एका प्रतिस्पर्धी कंत्राटदाराबद्दल. आमच्याच ग्राहकांकडे जाऊन, आम्ही बसवलेली यंत्रणा पाणी वाया घालवते असे सांगत, हे गृहस्थ 'पाणी वाचवणारी' डोकी विकत फिरत होते. गंगापूर रोडवरच्या आमच्या एका ग्राहक बाई, ज्या महाविद्यालयात शिकवून निवृत्त झाल्या होत्या, त्या नातेवाइकांकडे गेलेल्या असताना त्यांच्या माळ्याला पटवून या गृहस्थांनी कोपऱ्यातले तीन स्प्रे काढले आणि लांब फेकतात म्हणून त्याच व्हॉल्व्हवर तीन रोटर बसवले. या धंद्यातल्या माणसाला यापुढचे सांगण्याची गरज नाही. रोटर फिरत फिरत पाणी देतो, त्यामुळे तेवढ्याच वेळात त्याच्याकडून स्प्रेच्या साधारण एक तृतीयांश पाणी पडते. कोपरा वाळला, माळ्याने वेळ वाढवली, बाकीच्या लॉनमध्ये चिखल झाला आणि टँकर लागू लागला.

बाई परतल्या त्या थेट आमच्या दुकानात आल्या. पैसे परत मागायला नाही, तर 'मला मोजून दाखवा' असे सांगायला. त्यांनी स्वयंपाकघरातून श्रीखंडाचे सरळ कडांचे एकसारखे रिकामे डबे काढून दिले, ते आम्ही लॉनभर सारख्या अंतरावर मांडले आणि 15 मिनिटे झोन चालवला. मग बाईंनी स्वतः पट्टी बुडवून एकेक आकडा वहीत लिहिला. स्प्रेखालच्या डब्यांत 10 ते 12 मिलिमीटर पाणी होते आणि कोपऱ्यात जेमतेम 3 ते 4. रोटर काढून मूळचे स्प्रे परत बसवले, नोझलच्या जाळ्या धुतल्या, पुन्हा डबे मांडले, तेव्हा आकडे जवळ आले आणि वेळ कमी करूनही कोपरा सावरला. त्या वहीच्या पानाची प्रत बाईंनी आपल्या कॉलनीत दाखवली. पावसाळ्यानंतर आलेली पहिली कामे त्या कॉलनीतलीच होती. दुकान टिकले ते या कामांवर. आमच्याबद्दल जे बोलले गेले ते खोटे होते, हे त्या वहीने सिद्ध केले; बोलणाऱ्याने मात्र आजतागायत एका शब्दानेही ते मागे घेतलेले नाही.

त्यानंतरची वर्षे कामाची गेली. ज्यांच्या घरी लॉन आहे त्यांना मात्र काही गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. झोन बंद केल्यावरही खालच्या अंगाच्या डोक्यातून पाणी येत असेल, तर ते थांबते का ते आधी पाहा. थोड्या वेळाने थांबले तर तो पाइपात उरलेल्या पाण्याचा निचरा आहे आणि चेक व्हॉल्व्ह (झोन बंद असताना पाणी अडवणारी झडप) असलेले डोके बसवले की काम भागते. थांबलेच नाही तर व्हॉल्व्हच्या डायफ्रामखाली (आतल्या रबरी पडद्याखाली) कच अडकली आहे. तो उघडून धुवावा, रबर फाटले असेल तरच नवीन घ्यावे आणि ब्लीड स्क्रू (व्हॉल्व्ह हाताने उघडण्याचा स्क्रू) घट्ट आहे ना हे जोडताना पाहावे. पाण्याचे धुके होऊन वाऱ्यावर जात असेल, तर दाब जास्त आहे. तिथे मोठा पंप बसवण्याचा सल्ला देणाऱ्याला घरी पाठवावे. आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि जमीन हलली की ताठ रायझर टीपाशी तुटतो, म्हणून डोक्याखाली स्विंग जॉइंटच (वळू शकणारा जोड) मागावा. बोअरचे पाणी असेल तर क्षाराने नोझल बुजते. ते टाचणीने कोरू नये, कारण भोक बिघडले की फवाऱ्याचा पंखा कायमचा वाकडा होतो. व्हिनेगरमध्ये भिजवून दात घासायच्या जुन्या ब्रशने घासावे. आणि काम पूर्ण झाल्यावर पाइप नेमका कुठून गेला आहे याचा नकाशा, चर बुजवण्याआधीच्या फोटोंसह, कंत्राटदाराकडून मागून घ्यावा. आम्ही तो न मागता देतो.

पावसाळ्यात कंट्रोलर बंद ठेवला, तरी महिन्यातून एकदा प्रत्येक झोन दोन मिनिटे चालवावा म्हणजे डायफ्राम चिकटत नाहीत. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात यंत्रणा पुन्हा सुरू करताना फिल्टरची जाळी धुवावी, ओळीच्या शेवटच्या डोक्याचे नोझल काढून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाइप वाहू द्यावा, आणि मगच नोझल लावून गेज जोडावा.