सहा घरांचं एक छप्पर

गेल्या नोव्हेंबरात एका रविवारी सकाळी आमच्या पॅसेजमधल्या झडपेला शिडी लावून मी छपरावर चढले. रात्रभर पाऊस झाला होता आणि सपाट छपरावर घोट्याएवढं पाणी साचलं होतं. निचऱ्याच्या तोंडाशी कुजलेल्या पानांचा गच्च बोळा अडकला होता. हातमोजे भिजले तसे काढून टाकले आणि बोटांनीच तो उपसला. पाणी घळघळा खाली गेलं, आणि मग डांबराच्या थराला पडलेली भेग दिसली. अंगठा सहज आत जाईल एवढी.

द हेगमध्ये आम्ही राहतो ती इमारत इथल्या जुन्या पद्धतीची आहे. रस्त्यावरून थेट चढणारा उघडा दगडी जिना, वर ओट्यावर शेजारी शेजारी चार दारं, आणि तळमजल्याच्या दोघांची दारं रस्त्यालगत. एकूण सहा घरं. नेदरलँड्समध्ये फ्लॅट विकत घेतला की तुम्ही आपोआप मालकांच्या संघटनेचे सभासद होता. तिला सगळे 'व्हे-व्हे-ए' म्हणतात. म्हणजे आपली सोसायटीच. फक्त आपल्याकडे सोसायटी म्हटली की मॅनेजर, वॉचमन, निदान एखादा क्लार्क तरी डोळ्यांसमोर येतो. सहा घरांच्या संघटनेला यातलं काहीच परवडत नाही. जे करायचं ते सभासदांनीच, फुकट, नोकरी सांभाळून. आमची संघटना कित्येक वर्षं नुसती कागदावर होती. अशा संघटनेला इथे 'झोपलेली' म्हणतात. आम्ही घर घेतलं त्या वर्षी कोणीतरी खजिनदार व्हायला हवं होतं. मी हात वर केला. आता चार वर्षं झाली.

हिशेब मला जड जात नाही. इथे 2018 पासून कायदा आहे: इमारत पुन्हा बांधायला जो खर्च येईल त्याच्या निदान अर्धा टक्का रक्कम दरवर्षी दुरुस्तीनिधीत टाकायची, किंवा पुढच्या दहा वर्षांचा देखभालीचा आराखडा करून त्याप्रमाणे पैसे साठवायचे. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या उपविधींत सिंकिंग फंडासाठी पाव टक्का आणि दुरुस्तीनिधीसाठी पाऊण टक्का असतो, तसंच हे. आमच्या इमारतीचा हा अर्धा टक्का वर्षाला 7,500 युरो होतो, म्हणजे घरटी महिन्याला 104. आम्ही भरत होतो 45. छपराच्या कामाचा अंदाज आला 13,500 युरो, आणि खात्यात होते 4,100. उरलेले सहा घरांत वाटले तर प्रत्येकी सुमारे 1,570.

हे सगळं मांडून मी पाचही घरांना मेल पाठवला. आठ दिवसांनी एकाच शेजाऱ्याचं उत्तर आलं. त्यांच्या बेडरूमच्या छताला ओल आली होती आणि ते चिडले होते. त्यांनी लिहिलं होतं, 'तुम्ही लोक यावर काय करणार आहात?' डचमध्ये यासाठी 'युली' असा शब्द आहे, अनेकवचनी 'तुम्ही'. मी तो शब्द कितीतरी वेळ बघत बसले. त्या छपराचा सहावा हिस्सा त्यांच्या नावावर आहे. संघटनेचे जेवढी मी, तेवढेच तेही सभासद आहेत.

त्यांना आळशी म्हणता येणार नाही. दर शनिवारी ते फुटबॉल क्लबवर लहान मुलांना शिकवतात, पावसातसुद्धा. या देशात जवळजवळ निम्मे लोक वर्षातून कधी ना कधी स्वयंसेवा करतात आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे. पण क्लब आपण निवडतो, तिथे आपली माणसं भेटतात, मूल गोल करतं तेव्हा टाळ्या पडतात. निचऱ्यातली पानं कोणी निवडत नाही. छप्पर गळेपर्यंत ते कुणाला आठवतही नाही, आणि गळायला लागलं की ते 'संघटनेचं' होतं.

डिसेंबरात सभा बोलावली. सहापैकी दोनच घरं आली: मी आणि तळमजल्यावरच्या आजी. आमच्या नियमाप्रमाणे निम्मी मतं हजर नसतील तर निर्णय होत नाही, दुसरी सभा घ्यावी लागते. आजी मूळच्या सुरीनामच्या. 1873 पासून भारतातून तिथे मळ्यांवर नेलेल्या मजुरांच्या वंशातल्या. त्यांच्या सरनामी भाषेतही आजीला आजीच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. त्या दिवशी त्या रोटी घेऊन आल्या होत्या. सहा जणांपुरती. उरलेली मी घरी घेऊन आले तेव्हा मला रडू आलं.

रात्री डोंबिवलीला बाबांना फोन केला. ते आमच्या सोसायटीचे चौदा वर्षं सेक्रेटरी होते. ऐन जेवणाच्या वेळी दारावर बेल वाजायची, 'सोसायटी पाण्याचं काय करतेय?' बाबा हात धुऊन उठायचे. मी सगळं सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "अगं, कागद पाठवून काही होत नाही. सर्क्युलर घेऊन दारात जायचं आणि सही घेऊनच परतायचं."

इथे न कळवता कुणाच्या दारात जाणं बरं दिसत नाही. म्हणून प्रत्येकाकडे दहा मिनिटांची वेळ मागितली. छपराचे फोटो छापून नेले, भेगेत माझा अंगठा घातलेला फोटो सगळ्यात वर. ज्यांनी फ्लॅट भाड्याने दिलाय त्या मालकांना त्यांच्या ऑफिसजवळच्या कॅफेत जाऊन भेटले. फुटबॉलवाल्या शेजाऱ्यांनी फोटो हातात घेतला आणि विचारलं, "वर जाता येतं?" मी त्यांना शिडी लावून दिली. वीस मिनिटं ते वर होते. उतरले ते गप्पच, पण सभेला येतो म्हणाले. दोघांनी मताचा अधिकार लेखी माझ्याकडे दिला.

दुसरी सभा जानेवारीत आमच्या स्वयंपाकघरात झाली. छपराचं काम पाच विरुद्ध एक मतांनी मंजूर झालं. महिन्याची वर्गणी वाढवायचा ठराव मात्र पुढे ढकलला. एप्रिलमध्ये छप्पर झालं, चार दिवसांत. आता पाऊस आला तरी मला रात्री जाग येत नाही.

जूनच्या सभेत मी पद सोडणार आहे. माझ्या मुलीला संध्याकाळी वेळ द्यायचाय आणि मी थकलेय, हे मी स्पष्ट लिहून पाचही घरांना कळवलं. दोघांनी जमणार नाही असं सांगितलं, दोघांचं उत्तर नाही. आजी म्हणाल्या, मी केलं असतं, पण ते बँकेचं कॉम्प्युटरवरचं मला येत नाही. मी म्हटलं, मी शिकवते. मंगळवारी त्या येणार आहेत. तोवर बँकेचं कार्ड आणि पावत्यांची फाइल माझ्याच कपाटात आहे, आणि शिडी पॅसेजमध्ये.