शेजाऱ्यांनी दिलेले क्रीडांगण

प्रेस्टनहून रिबल नदीच्या मुखाकडे जाणारी बस धरली की शहर मागे पडताच सपाट कुरणे सुरू होतात आणि थोड्याच वेळात फ्रेकल्टन हे गाव येते. इंग्लंडच्या वायव्येकडील लँकेशायर परगण्यात मी राहायला आल्यापासून या रस्त्याने कितीतरी वेळा गेलो होतो, पण तिथे उतरण्याचे कारण कधी पडले नव्हते. गेल्या उन्हाळ्यात आई कराडहून आली, आणि या गावात १९४४ साली झालेल्या विमान दुर्घटनेची हकीकत मी तिला सांगितल्यावर तिनेच तिथे जाण्याचा आग्रह धरला. इंग्लंडमध्ये तिला किल्ले आणि राजवाडे दाखवण्याचा माझा बेत होता. तिने पाहायचे ठरवली ती एक दफनभूमी.

होली ट्रिनिटी हे फ्रेकल्टनचे पॅरिश चर्च आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेत येणारा परिसर. तिथल्या माणसांचे नामकरण, लग्न आणि दफन पिढ्यान्‌पिढ्या त्याच चर्चमध्ये होत आले. खेड्यातील शाळाही पुष्कळदा चर्चशी जोडलेली असे, आणि फ्रेकल्टनच्या शाळेचे नावही होली ट्रिनिटी हेच होते. ज्या पॅरिशने मुलांना मुळाक्षरे शिकवली, त्याच पॅरिशला १९४४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या आवारात त्यांच्यासाठी जमीन खणावी लागली.

गावाला लागूनच वॉर्टनचा विमानतळ आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे अमेरिकन हवाई दलाचा बेस एअर डेपो क्रमांक २ होता. विमाने तिथे तपासून आणि दुरुस्त करून लढणाऱ्या तुकड्यांकडे पाठवली जात. युद्ध संपेपर्यंत दहा हजारांहून अधिक विमाने या तळावरून गेली. हजारो अमेरिकन तरुण इथे राहत असल्यामुळे लोक या भागाला ‘छोटी अमेरिका’ म्हणत. गावातल्या लिदम रस्त्यावर त्यांच्यासाठी खास ‘सॅड सॅक’ नावाचे उपाहारगृहही निघाले होते, आणि ते शाळेपासून हाकेच्या अंतरावर होते.

२३ ऑगस्ट १९४४ रोजी, बुधवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, डागडुजी पूर्ण झालेली दोन बी-२४ लिबरेटर बाँबफेकी विमाने चाचणीसाठी वॉर्टनहून उडाली. चार इंजिनांचे हे अवजड विमान मोहिमेवर जाताना त्यात दहाएक माणसे असत. त्या दिवशी चाचणीपुरते पहिल्या विमानात तिघेच होते आणि लेफ्टनंट जॉन ब्लूमेंडाल ते चालवत होते. मोठे वादळ जवळ येत असल्याचे कळताच दोन्ही विमानांना परत बोलावण्यात आले, परंतु ती पोहोचेपर्यंत मुसळधार पावसात धावपट्टी दिसेनाशी झाली होती. दुसरे विमान उत्तरेकडे वळून वादळातून सुखरूप बाहेर पडले. पहिले विमान अगदी खाली आले, जवळजवळ एका कुशीवर कलंडले, त्याच्या उजव्या पंखाचे टोक झाडाच्या शेंड्याला लागले आणि पुढे एका इमारतीच्या कोपऱ्यावर आपटून तो पंख तुटला. बाकीचे विमान तीन घरे आणि उपाहारगृह पाडत रस्त्यापलीकडे गेले. त्याचा एक भाग शाळेच्या शिशुवर्गावर कोसळला आणि इंधनाने पेट घेतला.

एका वर्गातले घड्याळ दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी थांबले.

शाळेत ३८ मुले आणि सहा मोठी माणसे मृत्युमुखी पडली. उपाहारगृहात चौदा जण गेले, त्यांत सात अमेरिकन, ब्रिटिश हवाई दलाचे चौघे आणि तीन नागरिक होते. विमानातील तिघे धरून एकूण ६१. शिशुवर्गातली मुले चार-पाच वर्षांची होती, आणि त्या वर्गातून बाहेर काढलेल्यांपैकी तीनच जगली. मृतांमध्ये आग्नेय इंग्लंडमधून आलेली मुलेही होती. त्या उन्हाळ्यात लंडनवर जर्मनांचे उडते बाँब पडत होते, म्हणून आईबापांनी काळजावर दगड ठेवून पोरांना दूरच्या या खेड्यात पाठवले होते. या एका गोष्टीपाशी मी आजही अडखळतो. त्या आईबापांचे काही चुकले नव्हते. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केले असते.

चौकशी झाली, परंतु विमान जवळजवळ पूर्ण जळाल्यामुळे नेमके कारण ठरवता आले नाही. अमेरिकेहून आलेल्या वैमानिकांची इंग्लंडच्या वादळांविषयी अशी समजूत होती की ती म्हणजे साध्या सरींपेक्षा फार काही नसतात. या वादळांचा धोका त्यांना ठासून सांगावा, अशी शिफारस अहवालात करण्यात आली. त्याच आठवड्यात, २५ ऑगस्टला, पॅरिस मुक्त झाले आणि जगाचे लक्ष तिकडे लागले. फ्रेकल्टनच्या वाट्याला बातमी म्हणून फार दिवस आले नाहीत.

बहुतेक मुलांना चर्चच्या आवारात एकाच सामुदायिक कबरीत पुरले. शवपेट्या खांद्यावर घेणारे अमेरिकन सैनिक होते. ज्यांच्या तळावरचे विमान पडले होते, तेच लोक त्या मुलांना उचलून नेत होते, आणि गाव त्यांना नेऊ देत होते.

आईने कबरीजवळ जाण्याआधी वाटेवर चपला काढल्या. इथे तशी रीत नाही हे मी तिला सांगितले नाही. तिला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून दगडावर कोरलेली नावे मी मोठ्याने वाचावीत असे तिने सांगितले. मी वाचू लागलो. एवढी नावे सलग मोठ्याने वाचायला किती वेळ लागतो हे मला माहीत नव्हते. डोळ्यांनी वाचताना यादी पटकन संपते. आवाजात ती संपत नाही. प्रत्येक नावानंतर आई किंचित मान हलवत होती, शाळेत हजेरी घेताना बाई हलवतात तशी. मध्येच माझा घसा दाटला तेव्हा ती म्हणाली, “सावकाश वाच, पण सोडू नको कुणाला.”

तिथून आम्ही क्रीडांगणाकडे गेलो. माझ्या दृष्टीने फ्रेकल्टनचे खरे स्मारक हेच आहे. डेपोतल्या अमेरिकन जवानांनी आपसांत पैसे उभे केले, आणि दुर्घटनेला वर्ष होता होता, १९४५ च्या ऑगस्टमध्ये, गावातल्या मुलांसाठी बाग आणि खेळायची जागा खुली झाली. खांब किंवा पुतळा त्यांनाही उभारता आला असता. त्यांनी झोपाळे दिले, आणि ते वाचलेल्या मुलांसाठी दिले, ज्यांच्या बाकावरचा सोबती अचानक नाहीसा झाला होता. गावाचा स्वतःचा निधीही जमू लागला होता. त्यातून स्मारक सभागृह बांधायचे ठरले, मात्र ते उघडायला १९७७ साल उजाडले. तोवर त्या झोपाळ्यांवर खेळलेली मुले स्वतः आईबाप झाली असतील. सभागृहाला झालेल्या उशिराला मी नावे ठेवणार नाही, पण मुलांना वाट पाहता येत नाही हे त्या विशीतल्या परदेशी जवानांना नेमके कळले होते, याचे मला फार अप्रूप वाटते.

क्रीडांगणातल्या दगडावरचा मजकूर मी आईला मराठीत सांगितला: हे क्रीडांगण फ्रेकल्टनच्या मुलांना बेस एअर डेपो क्रमांक २ मधील त्यांच्या शेजाऱ्यांकडून भेट, २३ ऑगस्ट १९४४ च्या दुर्घटनेत सर्वांच्या सामाईक हानीची जाणीव आणि स्मृती म्हणून.

या मजकुरात क्षमायाचना नाही आणि स्वतःचे समर्थनही नाही. त्यात ‘सामाईक’ हा शब्द आहे, आणि तो लिहिण्याचा हक्क त्यांना होता, कारण त्यांचेही दहा जण त्याच सकाळी गेले होते. तरीही मला वाटते की तो शब्द खरा ठरवला गावाने. देणे अवघड असते, पण पोर गेलेल्या घराने ते घेणे, आणि उरलेल्या पोराचा हात धरून त्याला त्याच झोपाळ्यावर नेऊन बसवणे, हे त्याहून कितीतरी अवघड असणार.

आईने विचारले, “ज्यांचं विमान पडलं, त्यांनीच दिलं हे?”

“हो.”

“आणि गावानं घेतलं?”

“घेतलं.”

ती बराच वेळ गप्प राहिली. समोर दोन मुली झोपाळ्यावर होत्या आणि त्यांची आजी, बहुधा आजीच असावी, पाठीमागून झोका देत होती. मग आई उठून दगडाजवळ गेली, पदराने अक्षरांवरचा ओलावा पुसला आणि मला म्हणाली, “यातलं ‘शेजारी’ कुठलं?”

मी दाखवले. तिने त्या शब्दावरून डावीकडून उजवीकडे एकदा बोट फिरवले.