500 फुटांवरही नुसती धूळ

मी भूजलाचं काम करतो, म्हणजे बोअर कुठं घ्यायची आणि मुळात घ्यायची का ते सांगायचं. मागच्या उन्हाळ्यात पिंपरी-चिंचवडकडे वाकडच्या पुढं एका सोसायटीने बोलावलं. आधीच्या बोअर आटलेल्या, नवीन मी पोचायच्या आधीच चालू, जागा पाणाड्याने नारळ धरून दाखवलेली. बोअर मारायची गाडी तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची, या धंद्यातल्या बऱ्याच गाड्या तिथल्याच. वरचा मुरूम संपला, काळा पाषाण लागला, मधे तांबडी माती आली तेव्हा सगळे पुढं सरकले पण ओल काही नाही, आणि 500 फूट झाले तरी करडी धूळच उडतेय, पार्किंगमधल्या गाड्यांवर थर बसला.

कमिटीतले एक काका चिडून म्हणाले, "बाहेरून लोंढे आलेत ना, त्यांनीच संपवलं पाणी."

माणसं वाढली हे खरंय. पिंपरी-चिंचवड 2001 ला 10 लाख होतं, 2011 ला 17 लाखांच्या वर, आणि 2019 च्या नोव्हेंबरपासून नळाला पाणी दिवसाआड. म्हणून जो तो बोअर मारतो. पण आपल्या बेसॉल्टमधे, म्हणजे या काळ्या पाषाणात, पाणी धरायला जागा मुळात कमी, वरच्या मुरमात आणि भेगांत जे पावसाळ्यात मुरतं तेवढंच, खाली कितीही गेलात तरी नवीन कुठून येणार?

तिथले वॉचमन मामा मूळ त्याच गावचे. ते मला मागच्या कोपऱ्यात घेऊन गेले, पेव्हर ब्लॉकच्या कडेला घडीव दगडांची गोल ओळ दिसत होती, अर्धीच. "साहेब, ही आमच्या भावकीची विहीर. मे महिन्यात पण पोहायचो हिच्यात. बांधकामाच्या वेळी राडारोडा टाकून बुजवली." शेजारचा ओढा पण पाईपात घातलेला. मला खरंच संताप आला. नोकरीसाठी आलेल्या कुठल्या पोराने ही विहीर बुजवली नाही, पाण्याची सोय न बघता टॉवरमागून टॉवरला परवानगी देणाऱ्यांनी आणि जमिनीचा इंच न् इंच सिमेंटने लिंपणाऱ्यांनी हे केलंय, आणि शिव्या मात्र त्या पोरांना.

गाडी थांबवायला लावली. कमिटीला सांगितलं, आणखी बोअर नको, विहीर उपसा, गच्चीचं पाणी गाळून तिच्यात सोडा. काका म्हणाले तिथं दोन पार्किंग आहेत, लोक ऐकणार नाहीत. मी मामांकडून विहिरीचा घेर चुन्याने आखून घेतला, माप घेऊन नकाशा रिपोर्टला जोडला आणि जनरल बॉडीत स्वतः येऊन बोलतो म्हणून सांगितलंय.