ड्राय क्लीन ओन्ली? आणि तेही गोव्यात?

मे महिन्यात लग्नं सुरू झाली की वयनीचा फोन येणारच. "अगो, लिननची साडी आहे, लेबलवर ड्राय क्लीन ओन्ली लिहिलंय, घरी धुतली तर चालेल काय?" मी कोणी कपड्यांतली तज्ज्ञ नाही, पण लिनन मला भयंकर आवडतं आणि घरी बहुतेक सगळं मीच धुते, त्यामुळे मत आहे. थोडक्यात, ते लेबल लिननबद्दल नसतंच बऱ्याचदा, लिननला जे काय चिकटवलंय शिवलंय त्याच्याबद्दल असतं.

लिनन म्हणजे जवसाच्या झाडाचा धागा, आपण चटणी करतो तेच जवस. आता हा धागा काढतात कसा बघा, झाडं उपटायची आणि पाण्यात बुडवून नाहीतर शेतात दवावर पसरून कुजवायची, म्हणजे दांड्यातला डिंक सुटतो आणि धागा मोकळा होतो. ज्याचा जन्मच कुजवण्यातून होतो तो बादलीभर पाण्याला काय घाबरणार? उलट ओलं लिनन सुक्यापेक्षा जास्त मजबूत असतं. लंडनच्या पेट्री म्युझियममध्ये इजिप्तचा एक लिननचा झगा आहे, तारखानचा, पाच हजार वर्षांपूर्वीचा, काखेत आणि कोपरावर वापरून पडलेल्या चुण्या अजून दिसतात त्यावर. आणि तो कळला कसा तर १९७७ साली जुन्या मळक्या चिंध्यांचा गठ्ठा साफ करायला घेतला तेव्हा!

मग लेबल असं का? कारण कंपनीला स्वतःची कातडी वाचवायची असते. अमेरिकेत १९७१ साली लेबलचा नियम आला, त्यात कपडा साफ करायची एक सुरक्षित पद्धत लिहिली तरी पुरतं, सगळ्या पद्धती लिहायलाच हव्यात असं नाही. मग कोण कशाला धुण्याची जोखीम घेईल, ड्राय क्लीन लिहिलं की सुटले.

आणि आपल्याकडची खरी भानगड घामाची. ड्राय क्लीनिंगमध्ये पाण्याऐवजी सॉल्व्हंट, म्हणजे मळ विरघळवणारं रसायन असतं, ते तेल तूप मेकअप मस्त काढतं, पण घामातलं मीठ पाण्यात विरघळणारं, ते नुसत्या सॉल्व्हंटने धड निघत नाही. मडगावला भर उन्हात लग्नाला जाऊन आलेला कुर्ता ड्राय क्लीन करून कपाटात ठेवा, गणपतीला काढा, काखेत पिवळा. वर जून ते सप्टेंबर हवेत एवढी ओल की मळ राहिलेल्या सुती-लिनन कपड्याला बुरशी यायला निमित्तच लागत नाही. त्यामुळे इथे न धुणं हाच मोठा धोका असं मला वाटतं, लेबल काही म्हणो.

पण सरसकट धुवा असं नाही म्हणत हां. कोट, ब्लेझर असेल तर अजिबात नको. आत कॉलरला, छातीला गोंदाने चिकटवलेलं फ्युजिंग, म्हणजे ताठपणासाठीचं आतलं कापड असतं, ते पाण्याने सुटलं की कापडावर फुगे येतात आणि मग कुठलीच इस्त्री ते बसवत नाही. अस्तर असलं तर ते वेगळं आटतं, लिनन वेगळं. आतल्या शिवणीवरच्या लेबलवर लिननमध्ये व्हिस्कोस किंवा रेयॉन मिसळलंय का वाचा, व्हिस्कोस लिननच्या अगदी उलटं, ओलं झालं की कमजोर. गडद रंगाची परीक्षा सोपी, शिवणीच्या आतल्या बाजूला ओला पांढरा कापूस दाबून धरायचा, रंग आला तर लाँड्रीवाल्याला द्या आणि गप्प बसा. जरी, भरतकाम असेल तरीही तेच.

वयनीच्या साडीला जरी नव्हती, रंग फिका, कापूसही पांढराच राहिला. मी म्हटलं धू, पण फॉल बघ आधी. साडीचं हे कोणी सांगत नाही, सुती फॉल न भिजवता लावलेला असला की पहिल्याच धुण्यात तो आटतो आणि साडीचा काठ सगळा चुरगळून गोळा होतो, दोष मात्र लिननला. फॉल उसवून, भिजवून, परत लावायचा, कंटाळवाणं आहे पण करावं. लिननही पहिल्या धुण्यात थोडं आटतंच, त्यामुळे अंगाला फिट्ट असलेला शर्ट असेल तर विचार करा.

बाकी धुणं म्हणजे गार पाणी, सौम्य लिक्विड, थोडा वेळ भिजवून हाताने. ब्लीच नको. पिळायचं तर मुळीच नाही, लिननला ओलं सुकं काही चालेल पण एकाच घडीवर परत परत मोडणं चालत नाही, तिथेच धागा तुटतो. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत हँगरवर. पावसात फॅनखाली. इस्त्री थोडं ओलं असतानाच, चांगली कडक गरम, एकदा सुकलं की चुण्या जाता जात नाहीत. आयी पेजेच्या पाण्यात बुडवायची, कडक छान व्हायचं, पण खळ घातलेला कपडा पावसाळाभर कपाटात ठेवू नये, बुरशी आणि कसर दोघांचीही चैन होते.

आणि काजूच्या सीझनमध्ये बोंडूचा, म्हणजे काजूच्या फळाचा, रस उडाला असेल तर ताबडतोब साध्या पाण्याखाली धरा. वाळला की संपलं, तो डाग ना घरी जातो ना लाँड्रीत. आमच्याकडे असे शर्ट काजू वेचायलाच ठेवतात.